स्वस्ताईचे त्रैराशिक

'आमच्या वेळी सगळे स्वस्त होते,' हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मनुष्य विरळा. माझे वडील गिरणीत कामाला होते. रस्त्याने फटफटी गेली की ते तिची जुनी किंमत सांगत आणि वर हे वाक्य जोडीत. एकदा बोलण्याच्या ओघात मी ही गोष्ट वर्गात सांगितली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, एवढी स्वस्त होती, तर तुमच्या वडिलांनी घेतली का नाही?" वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर काही देता आले नाही. ते शोधावे म्हणून पुढचा हिशेब मांडला.

हिशेबाला देश निवडला तो अमेरिका. आपल्याकडे स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. छापील किंमत एक आणि गाडी दाराशी येईपर्यंतची दुसरी. शिवाय तेथील सरकारच्या कामगार-सांख्यिकी खात्याचा महागाईचा निर्देशांक १९१३ पासून सलग मिळतो. १९८२ ते १९८४ या काळातले सरासरी भाव १०० धरले, तर १९३६ चा आकडा १३.९ येतो, १९६९ चा ३६.७, १९८६ चा १०९.६ आणि २०२३ चा ३०४.७. म्हणजे १९३६ साली जो बाजारहाट १३ डॉलर ९० सेंटांत होई, त्याला २०२३ साली ३०४ डॉलर ७० सेंट पडले. यापुढे काम नुसत्या त्रैराशिकाचे.

आता तीन गाड्या घेऊ. पहिली १९३६ ची हार्ले-डेव्हिडसन 'ईएल'. मंदी अजून सरली नव्हती, तरी मिलवॉकीच्या या कारखान्याने नव्या इंजिनाची ही गाडी ३८० डॉलरला बाजारात आणली. दुसरी १९६९ ची जपानी होंडा 'सीबी ७५०'. चार सिलिंडर, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, बटन दाबताच सुरू होणारी. किंमत १,४९५ डॉलर. तिसरी १९८६ ची हार्लेची 'स्पोर्टस्टर ८८३', किंमत ३,९९५ डॉलर. जपानी गाड्यांपुढे हार्लेचा कारखाना टेकीला आला होता. त्याला सावरण्यासाठी सरकारने १९८३ साली ७०० सीसीवरील परदेशी गाड्यांवर जबर जकात बसविली होती, आणि याच काळात ही गाडी निघाली. तिन्ही गाड्या एका तोलाच्या नव्हेत, हे येथेच सांगितले पाहिजे. पहिल्या दोन आपापल्या कारखान्यांच्या शिरोमणी. तिसरी हार्लेच्या दुकानातली सर्वांत स्वस्त.

त्रैराशिक केले की २०२३ च्या डॉलरांत पहिलीची किंमत सुमारे ८,३३० होते, दुसरीची १२,४१० आणि तिसरीची ११,१०० च्या आसपास. म्हणजे वडिलांचेच म्हणणे खरे ठरले! महागाई वजा केली तरी सर्वांत जुनी गाडीच सर्वांत स्वस्त. येथे वही मिटली असती, तर त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

परंतु गाडी निर्देशांकाने विकत मिळत नाही, मजुरीने मिळते. १९३६ साली अमेरिकेतील कारखान्यातला कामगार तासाला सरासरी ५५-५६ सेंट मिळवी. १९६९ साली तो ३ डॉलर १९ सेंट मिळवू लागला आणि १९८६ साली ९ डॉलर ७३ सेंट. या मजुरीने किमतीला भागले, तर पहिल्या गाडीसाठी सुमारे ६८० तास राबावे लागे, दुसरीसाठी ४७० आणि तिसरीसाठी ४१०. चित्र पार उलटे झाले. जी सर्वांत स्वस्त, तीच सर्वांत महाग!

मग काळ सुधारतच गेला म्हणावे काय? थोडे थांबा. सरासरी ही मोठी गोडबोली बाई आहे. कायद्याने ठरलेल्या किमान वेतनावर जो राबतो, त्याचा हिशेब वेगळा होतो. हे वेतन १९६९ साली तासाला १ डॉलर ६० सेंट होते. म्हणजे होंडाची ती शिरोमणी गाडी त्याला सुमारे ९३५ तासांत पडे. १९८६ साली वेतन ३ डॉलर ३५ सेंट होते, आणि १९८१ पासून ते तसूभरही हलले नव्हते. भाव मात्र चढत राहिले. तेव्हा हार्लेची सर्वांत स्वस्त गाडी घ्यायलाही त्याला जवळजवळ १,१९० तास लागले असते. निर्देशांक म्हणतो, गाडी स्वस्त झाली. कारखान्यातला सरासरी कामगारही तेच म्हणतो. हॉटेलात भांडी घासणारा मात्र म्हणतो, ती माझ्यापासून आणखी दूर गेली. तिघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही.

कादंबरी लिहिताना मी पात्रांच्या तोंडी जुन्या किमती बेधडक घालीत आलो. आता पात्राची मिळकत काय, हे आधी ठरवतो. त्यावाचून किंमत म्हणजे नुसता आकडा.

त्या मुलाला दुसऱ्या दिवशी फळ्यावर हा हिशेब करून दाखविला आणि सगळ्या वर्गाला गृहपाठ दिला : घरी जुनी किंमत कोणी सांगितली, तर त्या वेळचा पगारही विचारून या. माझ्या वडिलांनी फटफटीची किंमत मला कितीतरी वेळा सांगितली. पगार त्यांनी कधी सांगितला नाही, आणि मलाही तो विचारण्याचे सुचले नाही.