कोपी आणि कॉलनी

दसरा सरला की बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या वाड्या-तांड्यांवर बांधाबांध सुरू होते. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज. दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टर येतात आणि त्यांत ज्वारीची पोती, भांडीकुंडी, कोंबड्या, एखादी शेळी आणि पोरे चढतात. निघायचे ते ऊस तोडायला, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरच्या साखर कारखान्यांवर. काही थेट कर्नाटकात. परतायचे ते गुढीपाडव्याच्या सुमारास, ऊस लांबला तर त्याहूनही उशिरा.

बदली झालेल्या नोकरदाराचे सामान कंपनी हलवते, भाड्याचे घर पाहते, मुलांच्या शाळेसाठी चिठ्ठी देते. साखर उद्योगही दरवर्षी लाखो बिऱ्हाडे हलवतो. पण त्या बिऱ्हाडांचे पुढे काय, हे पाहणे कारखान्याने आपले काम मानले नाही.

ते पाहता येत नाही, असे मात्र नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा ३२ एकर माळ दिला आणि त्या निवडुंगाच्या माळावर कारखान्याबरोबरच कामगारांची वसाहत उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी. चार दशकांनी, १९५०-५१च्या हंगामात, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे राज्यभर कारखाने निघाले, तेव्हा त्यांनीही वसाहती बांधल्या. केमिस्ट, फिटर, कारकून यांना क्वार्टर मिळाले. शाळा, दवाखाने आले. ऊस तोडणाऱ्यांना मात्र कारखान्याच्या आवाराबाहेर, माळावर किंवा फडाच्या कडेला, जागा दाखवली गेली. तिथे बांबू, चटया आणि पाचटाची कोपी उभी करायची.

हा भेद कसा टिकला, ते उचलीच्या हिशेबात दिसते. कारखान्याचा व्यवहार मुकादमाशी. मुकादम टोळी जमवतो आणि पावसाळ्यातच, घरात पैशाची चणचण असताना, जोडप्याला उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामभर ऊस तोडून ती उचल फेडायची, फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. एक दिवस आजारपणात गेला तर खाडा, आणि त्याचाही दंड. हजेरीपटावर नाव नाही, म्हणून कारखाना म्हणतो, ही माणसे आमची नव्हेत. मुकादम म्हणतो, मी तर मधला माणूस. बैलगाडी कारखान्याची, ऊस कारखान्याचा, वजनकाटाही कारखान्याचा. माणसे तेवढी कोणाचीच नाहीत!

१९७२च्या दुष्काळानंतर स्थलांतराची ही वाट अधिकच रुळली. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर घर चालेना आणि पश्चिमेकडे ऊस वाढत होता. उसाच्या पट्ट्यातल्या स्थानिक मजुराला आपली शेती असते, तो नाही म्हणू शकतो. उचल घेऊन शंभर-दोनशे कोस आलेल्या माणसाला पहाटे तीनला उठवता येते. कारखान्यांना हीच सोय हवी होती.

मुलांचा प्रश्न इतरांनी आपापल्या परीने हाताळला. स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा काढल्या. गाडी सेंटरवर, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणाऱ्यांच्या तळावर, त्या काही प्रमाणात चालल्या, कारण तिथे बिऱ्हाडे एका जागी असतात. डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणारी डोकी सेंटरची टोळी फडाबरोबर सरकत राहते, तिच्या मागे शाळा कुठवर फिरणार? मग उलटा मार्ग निघाला: मूल गावातच आजी-आजोबांजवळ ठेवायचे आणि त्याच्या जेवणाची सोय हंगामी वसतिगृहातून करायची. ही वसतिगृहे गावच्या शाळेच्या आधाराने चालली. मात्र सातवी-आठवीतली मुलगी मागे ठेवायला आईबाप धजावत नाहीत. एक तर तिला फडावर नेतात, धाकट्याला सांभाळायला, नाहीतर तिचे लग्न उरकून टाकतात. बीडमधल्या बालविवाहांचे मूळ शोधायचे तर या भीतीपाशी यावे लागते.

बायकांनी काय सोसले, ते २०१९मध्ये आकड्यांत आले. राज्य सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या निमित्ताने बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहायच्या, संडास नाही, पाणी नाही आणि खाड्याची धास्ती. त्यात शस्त्रक्रियेचा सल्ला देणारे डॉक्टर भेटले.

त्यानंतर सरकार हलले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ कामाला लागले. २०२१मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आली, प्रत्येक तालुक्यात मुलांचे एक आणि मुलींचे एक. २०२४च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. ही वाढ संघटनांनी झगडून मिळवली, तिचे मोल कमी नाही. पण दर वाढला म्हणून कोपीत नळ येत नाही.

साखर आयुक्तालय दर हंगामाला कारखान्यांना गाळप परवाना देते. धुराडे पेटण्याआधी शेतकऱ्यांच्या उसाची देणी थकली आहेत का, हे पाहिले जाते. त्याच वेळी तोडणी कामगारांच्या तळावर पाणी, संडास, पाळणाघर आणि शिक्षक आहेत का, हेही पाहावे आणि नसतील तर परवाना अडवावा.