न कापलेले हाड

खुब्याची उखळी उथळ असली म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा तीत नीट बसत नाही. पुढे सांधा झिजतो. १८२६ साली फिलाडेल्फियात बार्टन यांनी खुबा आखडलेल्या एका खलाशाचे मांडीचे हाड कापले, तेही सात मिनिटांत. ईथरची भूल यावयास अजून वीस वर्षे होती! उखळीच वळवावी, हे १९५७ साली टोरांटोच्या सॉल्टर यांनी मुलांवर करून दाखविले. हाडाची पाचर फटीत ठोकली. मोठ्यांसाठी १९८४ साली बर्नच्या गांझ यांनी उखळी भोवतीने मोकळी केली, मात्र मागचा खांब शाबूत राखला. आम्हांस कौतुक वाटते ते या न कापलेल्या हाडाचे. त्याच्याच आधारावर रोगी थोड्या दिवसांत कुबड्यांवर उभा राहतो. पूर्ण भार मात्र हाड सांधल्यावरच.