नोंदवही आणि शोधसूची

भवानी पेठेत, मागांच्या खडखडाटात मी वाढलो. घरात पदवी घेणारा मी पहिला. आपले नाव कागदावर कोण लिहितो आणि कशासाठी, याची धास्ती आमच्या लोकांना कायमची. सोलापुरात या धास्तीला एक जागाही आहे : सेटलमेंट. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीची नोंदवही करण्याचा, बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला. कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींची कुटुंबे इथे तारेच्या कुंपणात डांबली गेली. गुन्हा कोणी केला हा प्रश्नच नव्हता. नाव कोणत्या मथळ्याखाली पडते, एवढे पुरे होते. पोलीस अधिकारी केनेडी यांचा मुंबई इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वरचा १९०८ चा ग्रंथही जमातवार लावलेला, पोलिसाला हवे ते चटकन सापडावे म्हणून.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. सूची मात्र रद्द होत नाही, हे मला गेल्या वर्षी कळले. सेटलमेंटमधल्या माझ्या एका विद्यार्थिनीने मोबाईलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला आपल्या आजीच्या जमातीविषयी विचारले. उत्तराच्या दुसऱ्याच ओळीत चोरी होती. “सर, हे याला कोणी सांगितलं?”

प्रश्न बिनतोड होता. ही यंत्रे मजकुराचे तुकडे करतात. कोणता शब्द कोणत्या तुकड्यात आहे याची यादी ठेवतात. शिवाय प्रत्येक तुकड्याचे आकड्यांच्या रांगेत रूपांतर करून जवळच्या अर्थाचे तुकडे जवळ लावतात. प्रश्न आला की शेजारचे तुकडे ओढून उत्तर रचायचे. आता पोलिसांनीच जर जास्त लिहिले असेल, तर ‘कैकाडी’च्या शेजारी ‘टोपली’ कशी येणार? ‘चोर’च येणार! ‘उपरा’ (१९८०) आणि ‘उचल्या’ (१९८७) यांनी मराठीत ही शेजारव्यवस्था मोडली. पण आमचे कितीतरी लिखाण अजून जुन्या अंकांत पडून आहे. कोणी स्कॅन केलेच, तरी अक्षरओळख झाल्याशिवाय यंत्राला ते नुसते चित्र. त्यात ‘नाहीं’ आणि ‘नाही’ हे त्याला दोन शब्द वाटू शकतात.

म्हणून आम्ही सेटलमेंटमधल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी टंकून घेतो आहोत. मथळे त्यांनाच विचारतो. त्या मुलीने आजीची आठवण ‘हजेरी’खाली लावायला घेतली होती. आजी म्हणाली, “तिथं नको. टोपल्यांत घाल.”