नीलकंठ दिसला का?

एक जानेवारीच्या सकाळी चहाच्या आधी गच्चीवर किंवा अंगणात जायचे, नव्या वर्षाचा पहिला पक्षी कोणता दिसतो ते पाहायचे आणि वहीत टिपून ठेवायचे, असा एक रिवाज पक्षिनिरीक्षकांमध्ये आहे. इंग्लंड-अमेरिकेत तो चांगला रुजला आहे. आपल्याकडेही काही तरुण मंडळी तो हौसेने पाळतात. बहुतेकांच्या वाट्याला कावळा नाहीतर पारवा येतो आणि थोडी थट्टामस्करी होते. अमुक पाखरू दिसले म्हणून वर्ष बरे जाईल, असे त्यांच्यापैकी कुणी मानत नाही. तरीही पहिले पाखरू जरा बरे दिसावे, असे मनातून वाटतेच. हे वाटणे फार जुने आहे.

किती जुने, ते आपले शब्दच सांगतात. ‘शकुन’ या शब्दाचा संस्कृतातला मूळ अर्थ पक्षी. शकुंत म्हणजेही पक्षी. रानात पाखरांनी सांभाळलेली ती शकुंतला. पाखराच्या दिसण्यावरून पुढचे जोखता जोखता शकुन म्हणजेच भविष्याची खूण होऊन बसली. इंग्रजीत शुभ या अर्थी ऑस्पिशस म्हणतात. त्याच्या लॅटिन मुळात ‘पक्षी’ आणि ‘पाहणे’ असे दोन शब्द जोडलेले आहेत. अरबीत पक्ष्याला तैर म्हणतात आणि शकुन-अपशकुन पाहण्याला तियरा. प्रवासाला निघालेला जुना अरब पाखराला हुसकावून उडवी. ते उजवीकडे गेले तर पुढे जाई, डावीकडे गेले तर घरी परते. पैगंबरसाहेबांनी या तियराला मनाई केली. त्यामुळे आमच्या घरात शकुन पाहणे वर्ज्य. पण घर गावात आणि गाव झाडीपट्टीत, तेव्हा कानावर ते लहानपणापासून पडतच आले.

वर्षाच्या पहिल्या दिवशी पक्ष्यांचा कौल घेण्याची सर्वांत ठळक नोंद रोमची आहे. इसवी सनपूर्व १५३ पासून तिथले कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले दोन सर्वोच्च अधिकारी, १ जानेवारीला कारभार हाती घेऊ लागले. त्या दिवशी पहाटे उठून आकाशातल्या खुणा पाहायच्या आणि मगच अधिकारपदाची वस्त्रे चढवायची, अशी रीत होती. म्हणजे एक जानेवारीचा पहिला पक्षी ही गोष्ट आजच्या पक्षिनिरीक्षकांनी काढलेली नाही. त्यांना ठाऊक असो वा नसो, दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या पावलावर ते पाऊल टाकत आहेत.

पण याच रोममध्ये या रिवाजाचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. लढाईवर निघालेल्या सेनापतीला आकाशातल्या पक्ष्याची वाट पाहायला सवड नसे. म्हणून फौजेबरोबर कोंबड्यांचे पिंजरे नेऊ लागले. पिंजरा उघडून दाणे टाकायचे. कोंबड्या तुटून पडल्या की शुभ. इसवी सनपूर्व २४९ मध्ये सिसिलीजवळच्या समुद्रात क्लॉडियस पल्कर नावाच्या सेनापतीच्या कोंबड्या दाणे खाईनात. खात नाहीत तर पाणी पिऊ देत, असे म्हणत त्याने त्या समुद्रात फेकून दिल्या आणि लढाई सपाटून हरला, अशी कथा आहे. लोकांना ही उद्धटपणाची शिक्षा वाटली. मला मात्र पुढे होऊन गेलेल्या सिसेरोचे म्हणणे अधिक पटते. तो स्वतः शकुन पाहणाऱ्या मंडळाचा सदस्य होता आणि तरीही त्याने विचारले की, कोंडून उपाशी ठेवलेले पाखरू दाणे खाणारच, त्यात देवाचा कौल कुठला? शकुन माणसाच्या सोयीचा झाला, की पाखरू पिंजऱ्यात जाते. आपल्याकडेही तेच घडले आहे. त्याकडे मी येतोच.

त्याआधी आपल्या वराहमिहिराची भेट घेऊ. सहाव्या शतकातल्या या ज्योतिषाच्या बृहत्संहितेत खंजन पक्ष्यावर स्वतंत्र अध्याय आहे. खंजन म्हणजे आपला धोबी किंवा परीट, पाणवठ्याकाठी शेपटी वरखाली हलवत तुरुतुरु चालणारा. खंजनाच्या पहिल्या दर्शनाची ऋषींनी सांगितलेली फळे सांगतो, अशीच त्या अध्यायाची सुरुवात आहे. कमळांवर, गाई-घोड्यांजवळ दिसला तर चांगले. राख, हाडे अशा ठिकाणी दिसला तर वाईट. शुभ खंजन दिसल्यावर राजाने गंध-फुलांसह जमिनीवर अर्घ्य द्यावे, असेही तिथे आहे. आणि एक बारकावा फार बोलका आहे. रोजच्या दर्शनाचे फळ त्या दिवसापुरते, पहिल्या दर्शनाचे मात्र वर्षभराचे.

यात ‘पहिले’ दर्शन का? कारण खंजन बारा महिने दिसत नाही. आपल्या भागात तो उत्तरेकडून येतो, पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात. बृहत्संहितेत खंजनाच्या अध्यायाआधी घोडे-हत्तींना ओवाळण्याच्या नीराजन विधीचा अध्याय आहे. हा विधीही शरदातला. चिखल वाळला, नद्या उतरल्या, वाटा मोकळ्या झाल्या. राजा मोहिमेवर, व्यापारी तांड्यावर निघणार. नेमक्या त्याच दिवसांत हे पाहुणे पाखरू पाणवठ्यावर हजर होते. तेव्हा त्याला वर्षाचा कौल विचारण्यामागे नुसते भाबडेपण नव्हते. हाताशी छापील दिनदर्शिका नसलेल्या माणसाची ती दिनदर्शिका होती.

वर्ष तरी कुठे एकच असते? व्यापाऱ्याच्या वह्या दिवाळीला बदलतात. आमचे हिजरी वर्ष मोहरमच्या चंद्रदर्शनाने लागते. चांदरातीला माणसे गच्चीवर चढतात, तळहाताची झापड कपाळाला लावून मावळतीकडे पाहतात आणि ‘दिसला का?’ असे एकमेकांना विचारतात. (चंद्र पिंजऱ्यात घालून दारोदार दाखवता येत नाही, हे एक बरे आहे.) आणि विदर्भातल्या सालदाराचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते. सालदार म्हणजे एका मालकाकडे सालभर बांधलेला गडी. पाडव्याला मागचा हिशेब मिटायचा आणि नवे साल ठरायचे. जुना मालक ठेवतो की नव्याचे दार धरावे लागते, उचल किती, धान्य किती, हे सारे त्या दिवशी. एरवी पाडवा म्हणजे गुढी, कडुनिंब आणि गोडधोड. त्याच्यासाठी तो वर्षभराच्या पोटाचा दिवस.

पाडव्याला भारद्वाज दिसला तर वर्ष चांगले जाते, असे मानणारे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. काळ्या अंगाचा, विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा हा कुंभारकावळा कुंपणाच्या झुडपातून फिरतो आणि सहसा समोर येत नाही. आमच्या घरामागे राहणारा एक म्हातारा सालदार पाडव्याच्या दिवशी उजाडण्याआधी नाल्याकडे जाऊन बसायचा, ते मला आठवते. पाखरू दिसले की चांगला मालक मिळतो का, असे मी त्याला एकदा विचारले. तो म्हणाला, “तसं नाही गा बाबू. पण घरून निघालो त पाय जड राहते. पाखरू दिसलं का पाय उचलते.” शकुनाविषयी मी बरेच वाचले, पण त्याच्याहून नेमके कुणी सांगितलेले आठवत नाही.

आता दसरा. आमच्या भंडारा जिल्ह्यात तो धानाच्या भरात येतो. हलके धान पिवळे पडू लागलेले असते, भारी धान अजून हिरवे असते. मामा तलाव, म्हणजे कागदोपत्री ज्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात ते, काठोकाठ असतात. विदर्भात या दिवशी सोने लुटण्याइतकेच महत्त्व नीलकंठ दिसण्याला आहे. सीमोल्लंघनाला गावाबाहेर गेलेली माणसे तारांकडे, धुऱ्यावरच्या झाडांकडे पाहत चालतात आणि परत आल्यावर आपट्याची पाने देता देता विचारतात, “नीलकंठ दिसला का?” रावणाला मारण्याआधी रामाला नीलकंठ दिसला, असे कुणी सांगतो, कुणी त्याला शंकराचे रूप मानतो. संस्कृतात हा चाष, त्यावरून मराठीत चास आणि तास. पावसाळ्यात उघड्या माळावर तो फारसा नजरेत भरत नाही आणि शरदात तारांवर येऊन बसतो. म्हणजे खंजनाचे आणि याचे वेळापत्रक जवळजवळ एकच. वराहमिहिराचा राजा आणि भंडाऱ्याचा शेतकरी एकाच ऋतूच्या उंबरठ्यावर उभे राहून पाखराची वाट पाहतात.

नीलकंठ हे नाव मात्र चुकीचे आहे. त्याचा कंठ निळा नाही, तांबूस तपकिरी आहे. नीलपंख हे मराठीतले दुसरे नाव खरे. बसलेला असताना तो बराचसा मातकट दिसतो, अनोळखी माणूस त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहणारही नाही. टोळ दिसला की तारेवरून झेपावतो, पंख उघडतात आणि फिक्या-गडद निळ्या रंगांचे पट्टे एकदम लखलखतात. त्याचे दर्शन घ्यायचे तर तो उडावा लागतो. आणि तो कधी उडेल, ते त्याच्या मर्जीवर असते.

इतकी वाट पाहायला वेळ नसलेल्यांची सोय बाजाराने केली. उत्तर भारतात आणि तेलंगणात दसऱ्याच्या आधी पारधी लोकांकडून नीलकंठ पकडवून घेतात, पिंजऱ्यात घालून वस्त्यांतून फिरवतात आणि दर्शनाचे पैसे घेतात. पाय बांधलेले, पंख चिकटवलेले असे पक्षी सोडवल्याच्या बातम्या हैदराबादेतून वारंवार आल्या आहेत, आणि याच तेलंगणाचा नीलकंठ हा राज्यपक्षी आहे. बंगालमधल्या काही जमीनदार घराण्यांत दुर्गाविसर्जनाला जिवंत नीलकंठ सोडत. देवी निघाली, ही वार्ता त्याने कैलासावर पोहोचवायची. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यामुळे ते थांबले आणि आता काही ठिकाणी मातीचा नीलकंठ वाहतात. बंगालची ही तडजोड मला शहाणपणाची वाटते. पकडलेले, पंख मिटलेले पाखरू दाखवून पैसे घेणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याचीच मला अधिक कीव येते. ज्या निळाईसाठी तो पैसे मोजतो, ती उघडणारे पंखच बांधून ठेवलेले असतात.

या निळ्या पिसांनी आणखी एक संकट ओढवून घेतले होते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर पिसे खोवण्याची टूम निघाली आणि हिंदुस्थानातून पाखरांची कातडी, पिसे गठ्ठ्यागठ्ठ्यांनी जहाजांवर चढली. त्यांत नीलकंठही होता. अखेर १९०२ मध्ये सरकारने या निर्यातीवर बंदी घातली.

त्याच सुमारास अमेरिकेत एक वेगळे वळण आले होते. तिथे नाताळच्या दिवशी टोळ्या करून शिकारीला जायचे आणि ज्या टोळीने जास्त पशुपक्षी मारले ती जिंकली, असा खेळ असे. फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने १९०० च्या नाताळात सुचवले की मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी २७ माणसे २५ ठिकाणी बाहेर पडली आणि सुमारे ९० जातींची नोंद झाली. ती गणना आजतागायत चालू आहे. पहिला पक्षी वहीत टिपणाऱ्यांची मंडळी याच वळणाची.

मोजण्याचे हे वळण आमच्या तलावांच्या मुलखातही पोहोचले आहे. महाराष्ट्रातला सारस आता जवळजवळ गोंदिया-भंडाऱ्यापुरता उरला आहे. दर जूनमध्ये पहाटे अंधारात गोंदियाच्या सेवा संस्थेचे कार्यकर्ते, शेतकरी आणि वनखात्याची माणसे धानाच्या बांध्यांवर जाऊन बसतात आणि एकेक सारस मोजतात. अलीकडच्या गणनांत भंडारा जिल्ह्याच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या या अवस्थेची स्वतःहून दखल घेतली. याच भागात, नवेगावबांधला, मारुती चितमपल्लींनी वर्षे घालवली, आणि पक्ष्यांची मराठी नावे त्यांनी जमवली नसती तर त्यांतली कितीतरी आज कुणाला सांगता आली नसती. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले.

सारस कमी झाला हे दिसते, कारण तो माणसाएवढा उंच आहे. नीलकंठाचे तसे नाही. देशभरातल्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यात घटत चाललेल्या नेहमीच्या पक्ष्यांत नीलकंठाचे नाव आले आणि जगाच्या धोकासूचीतले त्याचे स्थान पुन्हा तपासावे, अशी सूचनाही आली. तो टोळ, भुंगेरे खातो. शेतात औषध फवारले की त्याचे ताट रिकामे होते. तो वाळक्या झाडांच्या ढोलीत, साधारण मार्च ते जूनच्या दरम्यान अंडी घालतो. बांधीच्या धुऱ्यावरचे वठलेले झाड आपण सरपणाला तोडतो ते बहुधा याच दिवसांत.

दसऱ्याला अजूनही आमच्याकडे माणसे त्याला पाहायला गावाबाहेर जातात. गेल्या दसऱ्याला मीही पवनीच्या रस्त्याने बराच लांब चालत गेलो. शकुनासाठी नव्हे, आमच्याकडे तो वर्ज्यच. दोन दिसले. एक दूरच्या खांबावर होता, तो मला पाहताच नाल्यापलीकडे गेला. दुसरा तारेवर बसून होता, खाली धानाकडे पाहत. चार-पाच शाळकरी पोरे सायकली आडव्या टाकून त्याच्या उडण्याची वाट पाहत होती. मीही थांबलो. बराच वेळ तो उडालाच नाही.