तंजावरची थोरली तोफ

तोफखान्याचा विचार करताना पहिला प्रश्न येतो तो नळीच्या व्यासाचा. सामान्य माणसास वाटते की, मोठा गोळा फेकावयाचा असेल तर तोंड रुंद केले म्हणजे झाले. परंतु तोंडाचा व्यास वाढला की नळीची जाडी, तोफेचे वजन, दारूचे प्रमाण, गाड्याची रचना आणि मागे बसणारा धक्का या साऱ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. हा हिशेब आपल्या देशातील लोहारांनी सुमारे चारशे वर्षांपूर्वी कसा मांडला, याचे एक भव्य उदाहरण तंजावरला पाहावयास मिळते.

शहराच्या पूर्व वेशीजवळ, जुन्या तटालगतच्या एका उंच चौथऱ्यावर ही तोफ ठेवलेली आहे. ‘राजगोपाल’ हे तिचे नाव. नायक घराण्यातील रघुनाथ नायक याच्या कारकिर्दीत, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ती घडविली गेली असे मानले जाते. लांबी सुमारे साडेसात मीटर, वजन अंदाजे २२ टन आणि नळीचा आतील व्यास त्रेसष्ट सेंटिमीटरांच्या आसपास. एखादे लहान मूल तिच्या तोंडात सहज बसू शकेल.

एवढी तोफ ओतीव नाही, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय. पितळ किंवा कासे वितळवून साच्यात ओतण्याची कला आपल्याकडे चांगलीच अवगत होती. अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतलेली आणि पुढे परांड्याहून विजापुरास गेलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ त्याची साक्ष देते. परंतु लोखंडाचा एवढा मोठा रस करण्याजोग्या भट्ट्या त्या काळी येथे नव्हत्या. लहान भट्टीतून निघे तो लोखंडाचा गोळा. तो ठोकून, तापवून, पुन्हा ठोकून त्याच्या पट्ट्या करावयाच्या, हाच एक मार्ग होता. तंजावरच्या लोहारांनी अशा लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांप्रमाणे एकमेकींशेजारी उभ्या केल्या आणि त्यांची नळी बनविली. तिच्यावर लोखंडी कडी तापवून चढविली. तापलेले कडे प्रसरण पावते आणि थंड होताना आक्रसून आतील पट्ट्यांना घट्ट आवळते. बैलगाडीच्या चाकावर धाव चढविणारा कोणताही सुतार-लोहार हे तत्त्व जाणतो. अशी कडी एकाशेजारी एक व एकावर एक बसवून तिची जाडी वाढविली गेली. स्कॉटलंडमधील एडिंबरो किल्ल्यातील पंधराव्या शतकातील ‘मॉन्स मेग’ ही तोफही याच पद्धतीची आहे. यावरून इतकेच दिसते की, एकाच अडचणीवर दूरदूरच्या कारागिरांना एकच तोडगा सुचू शकतो.

आता व्यासाचा हिशेब पाहू. नळीचा व्यास दुप्पट केला तर गोळ्याचे आकारमान आठपट होते. तंजावरच्या तोफेत मावणारा साठ सेंटिमीटर व्यासाचा दगडी गोळा घेतला, तर त्याचे वजन सुमारे तीनशे किलो भरते. तोफेचे वजन त्याच्या सत्तरपटीहून अधिक आहे. म्हणजे गोळा ज्या वेगाने पुढे जाईल त्याच्या सत्तराव्या हिश्श्याच्या आसपास वेगाने, शिवाय दारूच्या वायूंचा धक्का मिळून, ती मागे रेटली जाणार. हलकी तोफ असती तर गाड्यासकट उलटली असती. वजनाने धक्का पचविणे, हाच त्या काळचा उपाय होता.

या उपायाला पर्याय सापडला तो पुष्कळ उशिरा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्रेय द ब्यूलिय या फ्रेंच तोफखान्याच्या अधिकाऱ्याने नळीच्या तोंडाशी छिद्रे पाडून, बाहेर पडणारा वायू बाजूस व मागे वळवून धक्का कमी करण्याचे प्रयोग केले. आजच्या तोफांच्या व बंदुकांच्या तोंडाशी बसविलेले ‘मझल ब्रेक’ हे त्याच कल्पनेचे पुढचे रूप होय. येथेही जुना नियम सुटत नाही. लहान नळीसाठी केलेला ब्रेक मोठ्या नळीला लावावयाचा तर त्याचे भोक रुंद करावे लागते, नाहीतर गोळीच त्यावर आदळेल. पण भोक रुंद झाले की गोळीबरोबर अधिक वायू सरळ पुढे निसटतो, आणि ज्या पडद्यांवर आदळून तो धक्का कमी करावयाचा त्यांच्या वाट्यास कमी येतो. म्हणून ब्रेकची रचनाच नव्याने करावी लागते.

वजनाने धक्का पचविण्याची किंमत मात्र तंजावरच्या तोफेने मोजली. जी तोफ हलत नाही ती युद्धाच्या मागे धावू शकत नाही. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकांनी तंजावर घेतले. पुढे तीन वर्षांच्या आत शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तेथे भोसल्यांची सत्ता स्थापिली. १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लाली याने शहरास वेढा घातला. त्याला माघार घ्यावी लागली ती दारूगोळा संपत आल्यामुळे आणि इंग्रजी आरमार कारैकलजवळ आल्यामुळे. १७७३ मध्ये नबाब महंमद अली व इंग्रज कंपनी यांनी तंजावर जिंकले आणि तुळजाजीराजे कैदेत पडले. तीन वर्षांनी त्यांना गादी परत मिळाली. १८५५ मध्ये मराठ्यांचे राज्यही संपले. राज्ये आली आणि गेली ती राजकारणाच्या, पैशाच्या आणि चपळ फौजांच्या बळावर. वेशीवरच्या थोरल्या तोंडाने त्यांचा निकाल लावला नाही.

म्हणून ही तोफ निरुपयोगी ठरली, असे मात्र कोणी समजू नये. कानपूरच्या आय.आय.टी.तील आर. बालसुब्रह्मण्यम् व त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोखंडाचा आणि ते गंजास कसे तोंड देते याचा शास्त्रीय अभ्यास करून २००४ मध्ये प्रसिद्ध केला. उन्हापावसात शतके काढूनही ती टिकून आहे. रघुनाथ नायकाचे नाव इतिहासात आहे. पण लाल झालेली कडी चिमट्यांनी उचलून नळीवर बसविणारे जे हात होते, त्यांचे नाव या तोफेवाचून दुसरे कोठेही लिहिलेले नाही. तंजावरास जाणाऱ्या मराठी माणसाने बृहदीश्वराच्या भिंतीवरील भोसल्यांचा मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय ही अवश्य पाहावीत. परंतु परतताना पूर्व वेशीकडेही एकदा वळावे, आणि त्या पट्ट्यांचे व कड्यांचे सांधे जवळून निरखावेत.