‘विद्यार्थी-खेळाडू’ : एका शब्दाचा इतिहास

अमेरिकेत ज्याला ‘फुटबॉल’ म्हणतात, तो आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून निराळा खेळ आहे. चेंडू लंबगोल, तो बहुधा हातातूनच नेला जातो. आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी प्रत्येक पक्षास चार संधी मिळतात. तेथील कॉलेजांमधून या खेळाचा प्रसार झाला. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात आज एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. या खेळाचा इतिहास पाहताना आमचे लक्ष एका शब्दाने वेधून घेतले.

६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांत पहिला सामना झाला. पुढे येल कॉलेजच्या वॉल्टर कॅम्प यांनी १८८० नंतर नियमांची घडी बसविली. तरी खेळ इतका दांडगा होता, की खेळाडू प्राणास मुकत. १९०५ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली आणि नियंत्रणासाठी एक संस्था स्थापन झाली. तीच १९१० पासून एन.सी.ए.ए. म्हणून ओळखली जाते. खेळाडू हौशी असावा, त्याने मोबदला घेऊ नये, हे तिचे ब्रीद.

सरकारी सेवेत आयुष्य गेल्याने व्याख्येतील एका शब्दावर माणसाचा हक्क कसा अवलंबून असतो, हे आम्ही जाणतो. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट लुईस कॉलेजचा एक खेळाडू सामन्यातील दुखापतीने मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. याच काळात एन.सी.ए.ए.ने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. खेळाडू कर्मचारी ठरू नये, हाच त्यामागील हेतू होता, हे संस्थेचे दीर्घकालीन प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच लिहून ठेवले.

१९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीच्या हक्कांवरील संस्थेची मक्तेदारी मोडली. पैसा कॉलेजांच्या गटांकडे वाहू लागला आणि जुने शेजार तुटले. २०२४ मध्ये ‘पॅक-१२’ या गटातील बारांपैकी दहा विद्यापीठे बाहेर पडली. ‘बिग टेन’ या नावाच्या गटात आता अठरा सदस्य आहेत. त्यांत पूर्व किनाऱ्याजवळचे रटगर्स आहे आणि पश्चिमेकडील लॉस एंजेलिसचे विद्यापीठही.

कोट्यवधींची उलाढाल होत असता खेळाडूने मात्र हौशीच राहावे, हा युक्तिवाद टिकणे कठीण होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संस्थेविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर व छबीवर कमाई करण्याची परवानगी मिळाली. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या तडजोडीने कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. मागील थकबाकीपोटी सुमारे २८० कोटी डॉलर द्यावयाचे ठरले.

जुन्या जिव्हाळ्याचे बाजारीकरण झाले, अशी तक्रार आता ऐकू येते. ती अगदीच निराधार नाही. परंतु बाजार पूर्वीही होता, केवळ एका पक्षास त्यात हिस्सा नव्हता. थकबाकीचा लाभही २०१६ पासूनच्या खेळाडूंपुरता आहे. त्यापूर्वी ज्यांनी मैदानावर हाडे मोडून घेतली, त्यांच्या वाट्यास तोच जुना शब्द राहिला. कर्मचारी हा दर्जाही या तडजोडीने कोणास दिलेला नाही.