असल उत्तरचा नेमबाज: परमवीर अब्दुल हमीद

१० सप्टेंबर जवळ आला, की परमवीर चक्र विजेते अब्दुल हमीद यांचे फोटो दर वर्षी मोबाइलवर फिरू लागतात. कुणी म्हणतं त्यांनी सात रणगाडे उडवले, कुणी म्हणतं आठ. शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं, की मुसलमानांच्या देशभक्तीवर शंका घेणाऱ्यांना हे उत्तर आहे. उत्तर आहेच. पण या उत्तर देण्याच्या घाईत तो माणूस मागे राहतो, असं आम्हाला वाटतं. सैन्यात त्यांचं काम काय होतं, हातात हत्यार कोणतं होतं, ते चालवणं किती जोखमीचं होतं, हे फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून ही नोंद.

अब्दुल हमीद यांचा जन्म १ जुलै १९३३ रोजी उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावी झाला. वडील मोहम्मद उस्मान शिलाईकाम करायचे, आईचं नाव सकीना बेगम. घर साधं, शिंप्याचं. मुलगाही शिवण शिकला, पण मन रमायचं कुस्तीत आणि गलोलीच्या नेमात. वयाच्या एकविसाव्या वर्षी, २७ डिसेंबर १९५४ रोजी, ते ग्रेनेडियर्स रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि पुढे चौथ्या बटालियनमध्ये, म्हणजे ४ ग्रेनेडियर्समध्ये गेले.

इथे मराठी वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. ग्रेनेडियर्स ही पायदळाची रेजिमेंट. तिची मुळं जुन्या मुंबई प्रांताच्या फौजेत आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिच्या नावातच 'बॉम्बे' होतं. आज तिचं केंद्र जबलपूरला आहे.

१९६२ च्या चीन युद्धात ही बटालियन ईशान्येकडच्या नामका चू नदीच्या काठी होती. ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या ज्या सातव्या ब्रिगेडची तिथे वाताहत झाली, तिच्यातलीच ही एक. हमीद यांनी ते युद्ध पाहिलं होतं. त्यामुळे १९६५ मध्ये खेमकरणला उभा असलेला हवालदार नवखा नव्हता. वय बत्तीस, नोकरी जवळपास अकरा वर्षांची, घरी पत्नी रसूलन बीबी आणि लहान मुलं.

त्यांचा हुद्दा होता कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. या हुद्द्याचं काम म्हणजे कंपनीचं रेशन, कपडे, दारूगोळा यांचा हिशेब ठेवणं आणि माल वेळेवर पोचवणं. रणगाड्याशी झुंजणं हे त्यांच्या कामात लिहिलेलंच नव्हतं! पण बढती मिळण्याआधी त्यांनी बटालियनच्या रिकॉइललेस तोफांवर काम केलं होतं, आणि बटालियनमधले सर्वांत चांगले नेमबाज म्हणून त्यांची ओळख होती. युद्ध तोंडावर आलं तेव्हा त्या पलटूनला अनुभवी माणूस हवा होता. जबाबदारी हमीद यांच्याकडे आली.

ही तोफ नीट समजून घेतली, तर पुढचं सगळं समजतं. १०६ मिलिमीटरची ही अमेरिकी बनावटीची तोफ उघड्या जीपवर बसवलेली असे. जीपला चिलखत नाही, पत्र्याची पेटीच ती. तोफेला जोडून एक छोटी बंदूक असते. आधी तिची गोळी मारायची. ती लक्ष्यावर पडून धूर दिसला, की अंतर बरोबर आहे असं समजून मोठा गोळा सोडायचा. हा गोळा पॅटन रणगाड्याचं पोलाद भेदू शकत होता, विशेषतः बाजूने लागला तर. मात्र गोळा सुटताच तोफेच्या मागच्या बाजूने आगीचा लोळ आणि धुळीचा ढग उठतो. शत्रूला जागा कळते. मग तिथे थांबायचंच नाही. एक-दोन गोळे मारले, की जीप पळवून दुसऱ्या आडोशाला जायचं, पुन्हा नेम धरायचा. नेम जितका महत्त्वाचा, तितकंच जागा वेळेत सोडणं महत्त्वाचं.

आता रणभूमीकडे येऊ. ६ सप्टेंबर १९६५ रोजी भारतीय सैन्याने पंजाबात आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. खेमकरण भागात चौथ्या माउंटन डिव्हिजनची चढाई फसली, काही तुकड्या विस्कळीत झाल्या. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांनी मागे येऊन असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची संरक्षण फळी उभारली. समोरून पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन येत होती, त्या काळातले नवे अमेरिकी पॅटन घेऊन. खेमकरण गाव पाकिस्तानच्या हाती गेलं. ४ ग्रेनेडियर्सना जागा मिळाली चीमा गावापुढे, भिखीविंडच्या रस्त्यावर. रस्ता तुटला असता तर पूर्ण फळीच मागून उघडी पडली असती.

सप्टेंबरचा महिना, शेतात उसाची आणि कापसाची उभी पिकं. भारतीय बाजूने कालव्याचं पाणी शेतांत सोडलं होतं. जड पॅटन चिखलात रुतू लागले, उसात समोरचं दिसेना. आडोशाला दबा धरून बसलेल्या जीपला मात्र तोच ऊस सोयीचा होता.

८ तारखेच्या सकाळी पहिला हल्ला आला. बटालियनमध्ये सांगितलं जातं त्यानुसार हमीद यांनी पहिला रणगाडा अगदी जवळ येऊ दिला आणि मगच गोळा सोडला. तो पेटला, तेव्हा मागच्या दोन रणगाड्यांतले सैनिक उतरून पळाले. त्या दिवशी आणि ९ तारखेलाही हे चालू राहिलं. १० तारखेचं वर्णन परमवीर चक्राच्या मानपत्रात आहे. सकाळी आठच्या सुमारास पॅटनची एक रेजिमेंट चालून आली. तोफांचा भडिमार चालू असताना हमीद जीप घेऊन फळीच्या बगलेला गेले. सर्वांत पुढचा रणगाडा त्यांनी टिपला, जागा बदलली, दुसरा टिपला. तोवर शत्रूला जीप दिसली होती. मशीनगन आणि स्फोटक गोळ्यांचा मारा एकाच जागी सुरू झाला. त्यांनी आणखी एका रणगाड्यावर गोळा सोडला, आणि त्याच वेळी शत्रूचा गोळा त्यांच्यावर येऊन पडला.

मग रणगाडे किती? मानपत्रात १० तारखेचे दोन स्पष्टपणे नष्ट केल्याचा आणि तिसऱ्यावर मारा करत असताना शहीद झाल्याचा उल्लेख आहे. तीन दिवसांची मिळून बेरीज सात किंवा आठ सांगितली जाते. ती आधीच्या दोन दिवसांची कामगिरी धरून आहे. म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांना खोटे पाडत नाहीत, पण एकाच दिवशी, एकाच माणसाने आठ, असं जे पसरवलं जातं त्याला मानपत्राचा आधार नाही. आम्ही हे मुद्दाम लिहितो. उघड्या जीपमधून दोन पॅटन फोडणं हीच इतकी मोठी गोष्ट आहे, की तिला फुगवायची गरज नाही. उलट फुगवलेला आकडा कुणी खोडला, की सगळ्याच गोष्टीवर शंका घ्यायला मोकळीक मिळते.

असल उत्तरची लढाई अर्थात एकट्याची नव्हती. डेक्कन हॉर्स, थर्ड कॅव्हलरी आणि एट्थ कॅव्हलरीचे रणगाडे तिथे लढले. डेक्कन हॉर्सचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, अलिबागचे, पुढे लष्करप्रमुख झाले ते. त्यांना या लढाईसाठी महावीर चक्र मिळालं. भारतीय नोंदींनुसार पाकिस्तानचे ९७ रणगाडे या भागात निकामी झाले किंवा पकडले गेले. ते नंतर भिखीविंडजवळ रांगेत उभे केले होते, लोक त्या जागेला 'पॅटन नगर' म्हणू लागले.

परमवीर चक्र लगेच, १६ सप्टेंबरला जाहीर झालं, तेव्हा युद्धबंदीही झाली नव्हती. २६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते रसूलन बीबींनी ते स्वीकारलं. त्या युद्धातलं दुसरं परमवीर चक्र मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांना मिळालं, तेही मरणोत्तर. शिंप्याचा मुलगा आणि पारशी अधिकारी, एका आठवड्याच्या आत दोघे गेले. आणि ज्या पदकाबद्दल आपण बोलतो, त्याचं रेखाटन सावित्रीबाई खानोलकर यांचं, मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झालेल्या युरोपीय बाईंचं. आजवरच्या २१ परमवीरांत अब्दुल हमीद हे एकच मुसलमान आहेत.

आठवण ठेवण्याच्या खुणा बऱ्याच आहेत. १९८८ मध्ये चेतन आनंद यांच्या 'परमवीर चक्र' मालिकेत नसीरुद्दीन शाह यांनी हमीद यांची भूमिका केली, आणि अनेक घरांत तोच चेहरा हमीद म्हणून बसला. २००० मध्ये टपाल तिकीट निघालं, त्यावर ती जीपसुद्धा आहे. जानेवारी २०२३ मध्ये अंदमान-निकोबारच्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं. रसूलन बीबी पतीनंतर चौपन्न वर्षं जगल्या, २ ऑगस्ट २०१९ रोजी त्यांचं निधन झालं. दोन वर्षं आधी, शहादतीच्या दिवशी, लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत धामूपूरला येऊन त्यांना भेटले होते.

दूरच्या बेटाला नाव आहे, पण गावात ते टिकवायला भांडावं लागलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये धामूपूरच्या ज्या शाळेला हमीद यांचं नाव होतं, तिच्या दारावरून रंगकामाच्या वेळी ते गेलं आणि सरकारी योजनेचं नाव आलं. घरच्यांनी तक्रार केली, बोभाटा झाला, तेव्हा नाव पुन्हा रंगवलं गेलं.

त्यांची कबर धामूपूरला नाही. ते जिथे पडले तिथेच, असल उत्तरच्या शेतांत त्यांना दफन केलं. तेव्हा तो अमृतसर जिल्हा होता, आता तरनतारन आहे. अमृतसरला जाणाऱ्यांना भिखीविंडवरून खेमकरणच्या रस्त्याला लागलं, की वाटेतच हे स्मारक लागतं. आजूबाजूला अजूनही शेती आहे.